उगमकथा कोणाची? : सुपरहीरोंचे जन्म, त्यांचे पाठभेद आणि त्यांचे जन्मदाते

'अ‍ॅक्शन कॉमिक्स' या अमेरिकन मासिकाच्या पहिल्या अंकावर जून १९३८ असा महिना छापलेला आहे. प्रत्यक्षात तो एप्रिलमध्येच विक्रीला आला होता. किंमत १० सेंट. त्यातल्या पहिल्या कथेच्या पहिल्याच पानावर सुपरमॅनचा जन्म सांगितला आहे आणि तो त्या एका पानात संपतोही. एक दूरचा ग्रह जुना होऊन नष्ट होतो. तिथला एक शास्त्रज्ञ आपल्या तान्ह्या मुलाला यानात घालून पृथ्वीकडे पाठवतो. रस्त्याने जाणाऱ्या एका मोटारवाल्याला ते यान सापडते आणि तो मुलाला अनाथाश्रमात नेऊन सोडतो. ग्रहाला नाव नाही, आईबापांना नाव नाही, मुलाला वाढवणारे केंट दांपत्यही नाही. अंगच्या अचाट बळाचा खुलासा म्हणून मुंगी आणि नाकतोडा यांचे दाखले दिले आहेत. हा नायक उडतसुद्धा नाही. लांब उड्या मारतो.

आज जगभरच्या मुलांना जी गोष्ट तोंडपाठ आहे ती या पानावर नाही. ती पुढच्या दहा-बारा वर्षांत थराथराने साचत गेली. जानेवारी १९३९ मध्ये सुपरमॅनची दैनिक पट्टी वर्तमानपत्रांतून सुरू झाली आणि तिच्या पहिल्या दोन आठवड्यांत क्रिप्टन हा ग्रह, तिथला शास्त्रज्ञ जोर-एल आणि त्याची पत्नी लोरा ही नावे आली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात 'सुपरमॅन' या स्वतंत्र मासिकाचा पहिला अंक निघाला, तेव्हा मोटारवाल्याच्या जागी प्रौढ केंट दांपत्य आले. १९४२ साली जॉर्ज लोथर यांनी मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीत लोराची लारा झाली. सुपरमॅनला घायाळ करणारा क्रिप्टोनाइट हा पदार्थ १९४३ मध्ये रेडिओ मालिकेतून आला आणि छापील कथेत पोचायला त्याला १९४९ उजाडले. 'सुपरमॅन'च्या ज्या ६१व्या अंकात तो पोचला, त्याच अंकात नायकाला आपण क्रिप्टनचे आहोत हे पहिल्यांदा कळले. म्हणजे नायकाचे जन्मस्थान वाचकांना ठाऊक झाल्यावर दहा वर्षांनी ते खुद्द नायकाला समजले.

जुन्या ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. मूळ संहिता त्रोटक, मग प्रक्षेप, मग प्रक्षेपांनाच मूळ मानण्याची सवय. परंतु महाभारताच्या पाठभेदांवर कोणी मालकी हक्काचा दावा लावत नाही. सुपरहीरोंच्या बाबतीत कोणता तपशील कोणत्या साली, कोणाच्या हातून आला या प्रश्नावर माणसांचे म्हातारपण अवलंबून होते. म्हणून या उगमकथा पुन्हा पुन्हा कशा सांगितल्या गेल्या आणि त्या एकत्र कोणी केल्या, हे पाहताना दुसरी एक उगमकथा सतत सोबत ठेवावी लागते: ज्यांनी हे नायक घडवले त्यांची.

१९४८ चा उन्हाळा

सुपरमॅन घडवला क्लीव्हलँडच्या दोन शाळकरी मित्रांनी. जेरी सीगल लिहीत असे, जो शुस्टर चित्रे काढत असे. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. सीगलचे वडील १९३२ साली आपल्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले असताना मरण पावले. गोळ्यांनाही न जुमानणारा नायक पुढे त्याच मुलाच्या डोक्यातून निघाला, यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. १ मार्च १९३८ रोजी या दोघांनी सुपरमॅनचे सर्व हक्क प्रकाशकाला १३० डॉलरना विकले. नायक लोकप्रिय झाला, मासिके खपली, रेडिओ आला, खेळणी आली. १९४७ मध्ये दोघे न्यायालयात गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात सुमारे ९४,००० डॉलरवर तडजोड झाली, आणि त्यानंतर कथांवरची त्यांची नावे नाहीशी झाली.

त्याच उन्हाळ्यात 'सुपरमॅन'च्या ५३व्या अंकात नायकाच्या दहाव्या वाढदिवसानिमित्त त्याची सविस्तर उगमकथा छापली गेली. चित्रे वेन बोरिंगची, लेखन बिल फिंगरचे. आणि त्याच सुमारास, जून-जुलैच्या 'बॅटमॅन'च्या ४७व्या अंकात बॅटमॅनचीही उगमकथा नव्याने सांगण्यात आली. तिचेही लेखन बिल फिंगरचेच. अमेरिकेतल्या दोन सर्वांत प्रसिद्ध नायकांच्या जन्माची प्रमाण मानली गेलेली कथने एका माणसाने एकाच हंगामात लिहिली, आणि त्याचे नाव दोन्हीकडे नव्हते.

फिंगरची गोष्ट सीगल-शुस्टरहूनही विचित्र आहे. बॅटमॅन पहिल्यांदा मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये आला, तेव्हा चित्रकार बॉब केन याचे नाव छापले गेले आणि पुढेही करारानुसार त्याच एकट्याचे छापले जात राहिले. वास्तविक डोक्यावरचा कान असलेला मुखवटा, वटवाघळाच्या पंखांसारखा झगा, करडा रंग, ब्रूस वेन हे नाव, यांतले बहुतेक फिंगरने सुचवलेले. केनने १९८९ च्या आपल्या आत्मचरित्रात फिंगरला श्रेय मिळायला हवे होते अशी कबुली दिली. तोपर्यंत फिंगरला जाऊन पंधरा वर्षे झाली होती. त्याचे नाव अधिकृतपणे बॅटमॅनच्या निर्मितीशी जोडले गेले ते २०१५ साली, एका चरित्रकाराने त्याच्या नातीचा शोध लावल्यानंतर आणि तिने पाठपुरावा केल्यानंतर.

मारेकऱ्याला नाव मिळते

बॅटमॅनची उगमकथा नायकाच्या पहिल्या दर्शनानंतर सहा महिन्यांनी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, अवघ्या दोन पानांत आली. सिनेमा पाहून परतणाऱ्या आईबापांचा रस्त्यावर खून, मेणबत्तीच्या उजेडात मुलाने घेतलेली शपथ, खिडकीतून आत शिरलेले वटवाघूळ. ही दोन पाने १९४० च्या 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात पुन्हा छापली गेली. खुनी मात्र निनावीच राहिला. १९४८ मध्ये फिंगरने त्याला जो चिल हे नाव दिले. त्या कथेत बॅटमॅन चिलसमोर मुखवटा काढून आपण कोण ते सांगतो. चिल घाबरून आपल्या साथीदारांकडे पळतो. बॅटमॅन याच्यामुळे जन्माला आला हे कळताच ते साथीदारच त्याला गोळ्या घालतात. एका नायकाचा उगम आपल्या हातून झाला, हेच त्या माणसाच्या मृत्यूचे कारण ठरते.

पुढचे थर पाहण्याजोगे आहेत. १९५६ मध्ये असे सांगण्यात आले की चिलला सुपारी देणारा दुसराच एक गुन्हेगार होता, आणि ब्रूसच्या वडिलांनी एका नृत्यसमारंभात वटवाघळाचा वेश केला होता. १९८० मध्ये लेन वेन या लेखकाने तीन अंकांच्या मालिकेत आतापर्यंतचे हे सगळे तुकडे जोडून एक सलग चरित्र रचले. १९८६ मध्ये फ्रँक मिलरने आईच्या गळ्यातली मोत्यांची माळ तुटण्याचा क्षण चौकटींमागून चौकटींत ताणला, आणि तेव्हापासून ती माळ अनेक चित्रपटांत तुटते. १९९४ मध्ये प्रकाशकाने खुनी कधीच सापडला नाही असे ठरवले. २००६ मध्ये चिल पुन्हा परतला.

हे का होत असे? एक कारण अगदी व्यवहाराचे. कॉमिक वाचणारी मुले काही वर्षांत मोठी होऊन निघून जातात, नवी येतात, त्यामुळे तीच गोष्ट पुन्हा सांगायला हरकत नाही, असा संपादकांचा हिशेब असे. दुसरे कारण त्याच्या उलट आहे. साठीच्या दशकापासून वाचक मोठे होऊनही वाचत राहिले, जुने अंक जपू लागले आणि विसंगती दाखवू लागले. अशा वाचकासाठी नुसती पुनरावृत्ती पुरेशी नव्हती. जुन्या कथनातली फट बुजवणारे नवे कथन हवे होते. १९८६ मध्ये जॉन बर्नने सुपरमॅनची कथा सहा अंकांत मुळापासून मांडली, तीत केंट दांपत्य जिवंत राहिले. २००५ च्या अखेरीस ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांनी तीच कथा एका पानात, चार चौकटींत आणि अवघ्या आठ शब्दांत आटोपली. वाचकाला सगळे ठाऊक आहे एवढा विश्वास असल्याशिवाय हे धाडस होत नाही.

स्पायडरमॅनच्या बाबतीत पाठभेद आणखी सूक्ष्म आहे. ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी'च्या अंकातली मूळ कथा ११ पानांची. शक्तीबरोबर जबाबदारी येते, हे या नायकाचे ब्रीद म्हणून प्रसिद्ध असलेले वाक्य तिथे शेवटच्या चौकटीत निवेदकाचे म्हणून येते. आज कोणालाही विचारा, ते वाक्य बेनकाकांचे आहे असेच तो सांगेल. मूळ कथेत बेनकाकांचा खून दाखवलेलाही नाही. घरी परतलेल्या पीटरला पोलीस ती बातमी देतो. पुढच्या कथनांनी निवेदकाचे वाक्य काकांच्या तोंडी घातले, कारण मरणाऱ्या वडीलधाऱ्याचा उपदेश ऐकणाऱ्याला जास्त लागतो. २००० साली सुरू झालेल्या नव्या मालिकेत या ११ पानांचे सात अंक झाले.

संग्रह आणि प्रस्तावना

हे सगळे आज आपण ओळीने मांडू शकतो ते जुने अंक उपलब्ध आहेत म्हणून. एके काळी ते नव्हते. स्वस्त कागदावरची ही मासिके वाचून टाकून द्यायची वस्तू होती; दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत असंख्य अंक लगद्यात गेले. १९६१ मध्ये डीसी या प्रकाशन संस्थेने नायकांच्या उगमकथांचा एक जाडजूड वार्षिक अंक काढला. १९६५ मध्ये व्यंगचित्रकार ज्यूल्स फायफर यांनी जुन्या कथांचे एक पुस्तक आपल्या दीर्घ निबंधासह प्रसिद्ध केले. लहानपणी वाचलेल्या आणि नंतर हरवलेल्या गोष्टी कापडी बांधणीच्या पुस्तकात पाहायला मिळाल्या, त्याही गंभीर विवेचनासह, ही अमेरिकन वाचकाला नवी गोष्ट होती.

सर्वांत गाजलेला संग्रह मात्र १९७४ चा. मार्व्हलचे संपादक आणि लेखक स्टॅन ली यांनी 'ओरिजिन्स ऑफ मार्व्हल कॉमिक्स' या पुस्तकात फँटॅस्टिक फोर, हल्क, स्पायडरमॅन, थॉर आणि डॉक्टर स्ट्रेंज यांच्या पहिल्या कथा एकत्र आणल्या आणि प्रत्येकीपुढे आपली प्रस्तावना लिहिली. प्रस्तावना खेळकर, वाचकाच्या खांद्यावर हात टाकून लिहिलेल्या. पण त्यांत नायकांची कल्पना सुचते ती लींना. पत्नीच्या प्रोत्साहनाने ते मनासारखे लिहायचे ठरवतात, आणि चित्रकार त्या कल्पनेला रूप देतो. जॅक कर्बी आणि स्टीव्ह डिट्को यांची तोंड भरून स्तुती आहे, मात्र ती चित्रकार म्हणून.

मार्व्हलच्या कामाची पद्धत पाहिली म्हणजे यातली अडचण कळते. लेखकाने थोडक्यात कथासूत्र सांगायचे किंवा चर्चा करायची, चित्रकाराने पूर्ण अंक चौकटीचौकटीने रचायचा आणि संवाद शेवटी भरायचे, अशी तिथली रीत होती. या रीतीत कथा कोणाची हे ठरवणे अवघड आहे, आणि केवळ 'चित्रे' असे म्हटले की अर्धे लेखन झाकले जाते. कर्बी १९७० मध्ये मार्व्हल सोडून गेले होते. ऐंशीच्या दशकात त्यांना स्वतः काढलेली मूळ पाने परत मिळवण्यासाठी कंपनीशी झगडावे लागले. १९९० मध्ये छापलेल्या एका मुलाखतीत त्यांनी दुसरे टोक गाठले आणि सगळे आपणच निर्माण केल्याचे सांगितले. डिट्को मुलाखती देत नसत, ते निबंध लिहीत. १९९९ मध्ये लींनी जाहीर पत्र काढून डिट्कोंना आपण स्पायडरमॅनचे सहनिर्माते मानत आलो आहोत असे म्हटले, तेव्हा डिट्कोंनी त्यातल्या 'मानणे' या शब्दावरच बोट ठेवले. मानणे म्हणजे असणे नव्हे, हा त्यांचा आक्षेप होता.

संग्रह केला की सत्य आपोआप समोर येते असा आपला समज असतो. १९७४ च्या पुस्तकाने तो खोटा पाडला. कथा मूळच्याच छापल्या होत्या. नवी होती ती प्रस्तावना, आणि ती प्रस्तावना पुढे अनेक वर्षे इतिहास म्हणून वाचली गेली. कर्बी १९९४ मध्ये वारले. त्यांच्या वारसांचा हक्कांचा दावा खालच्या दोन न्यायालयांत फेटाळला गेला आणि सर्वोच्च न्यायालय त्यावर विचार करणार त्याच्या तोंडावर, सप्टेंबर २०१४ मध्ये, तडजोड झाली.

पाठचिकित्सा न्यायालयात

पाठभेदांच्या अभ्यासाला पैशांत किंमत येते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पुन्हा सुपरमॅनचेच. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा चित्रपट येणार असे जाहीर झाले, तेव्हा सीगल हलाखीत होते आणि शुस्टर जवळजवळ आंधळे झाले होते. सीगल यांनी संतापून एक जाहीर निवेदन काढले. नील अ‍ॅडम्स, जेरी रॉबिन्सन यांच्यासारखे चित्रकार पाठीशी उभे राहिले. डिसेंबरमध्ये कंपनीने दोघांना वर्षाला २०,००० डॉलर निवृत्तिवेतन आणि छापील श्रेय मान्य केले. सत्तावीस वर्षांनी नावे परतली.

मधल्या काळातली एक कथा इथे आठवते. सीगल १९५९ च्या सुमारास त्याच कंपनीकडे परतले होते, निनावी लेखक म्हणून. नोव्हेंबर १९६० च्या अंकातली 'सुपरमॅन्स रिटर्न टू क्रिप्टन' ही त्यांची कथा. नायक भूतकाळात जाऊन आपल्या ग्रहावर पोचतो, आईबापांना भेटतो, प्रेमात पडतो आणि ग्रहाचा शेवट टाळू शकत नाही. ज्याने तो ग्रह निर्माण केला त्यानेच ती कथा लिहिली होती आणि वाचकाला हे कळायला कथेवर नावच नव्हते. हे ठाऊक झाल्यावर ती कथा पूर्वीसारखी वाचता येत नाही.

सीगल यांच्या वारसांनी पुढे कायद्यातल्या तरतुदीनुसार हक्क परत मागितले. २००८ मध्ये न्यायालयाने 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकातल्या कथेचा हिस्सा त्यांना दिला. मग प्रश्न आला, पहिल्या अंकात नेमके काय आहे? दूरच्या ग्रहावरून आलेले बाळ आहे, क्लार्क केंट आहे, लॉइस लेन आहे, तो पोशाख आहे. उडणे नाही, क्रिप्टोनाइट नाही, लेक्स लूथर नाही. २००९ मध्ये आणखी एक निकाल आला: वर्तमानपत्रातल्या पट्टीचे पहिले दोन आठवडेही वारसांच्या वाट्याला, कारण ती सामग्री कंपनीने मोबदल्यावर करून घेतलेल्या कामात मोडत नव्हती. हे तेच दोन आठवडे, ज्यांत क्रिप्टनला नाव मिळाले आणि जोर-एल अवतरला. संस्कृत पोथ्यांच्या संपादकाने करावे तसे काम अमेरिकेतले न्यायाधीश करत होते, आणि त्यांच्या निकालावर नाव कोणाचे व पैसा कोणाचा हे ठरत होते. २०१३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने २००१ साली झालेल्या समझोत्याच्या आधारे हा वाद कंपनीच्या बाजूने मिटवला. तरी त्या खटल्याने केलेली थरांची उकल अभ्यासकांच्या कामाची राहिली आहे.

आपल्याकडे आलेल्या उगमकथा

भारतीय वाचकांकडे या कथा आल्या त्याच मुळी पुनर्कथन होऊन. मार्च १९६४ पासून टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल कॉमिक्स काढली आणि ली फॉक यांचा फँटम मराठीत वेताळ म्हणून घरोघर पोचला. आपल्या उगमकथेची आठवण सतत करून देणारा हा नायक: कोणे एके काळी चाच्यांनी मारलेला बाप, किनाऱ्याला लागलेला मुलगा, कवटीवर घेतलेली शपथ, बापामागून मुलगा अशी चालत आलेली परंपरा. नव्याने येणाऱ्या वाचकासाठी ती अनेक कथांच्या सुरुवातीला थोडक्यात पुन्हा सांगितली जाई. मूळ कथेतला प्रदेश मात्र भारतीय आवृत्तीत डेंकाली झाला. मूळच्या नावातला बंगालचा भास इथल्या वाचकाला खटकला असता. बदल केल्याची नोंद अंकात नसे. मराठी मुलांच्या लेखी डेंकाली हेच मूळ.

२००४ मध्ये 'स्पायडर-मॅन इंडिया' ही मालिका आली ती मात्र उघड पुनर्कथन म्हणून. इथला नायक पवित्र प्रभाकर खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला. काका भीम, काकू माया, मैत्रीण मीरा जैन, आणि कमरेला धोतर. किरणोत्सर्गी कोळ्याऐवजी शक्ती देणारा एक योगी. एवढे सगळे बदलूनही एक गोष्ट बदलता आली नाही. हाक ऐकूनही तो मदतीला जात नाही आणि त्याची किंमत काका देतात. थर खरवडत गेले की उगमकथेत शेवटी काय उरते, हे या मुंबईकर पाठावरून चांगले कळते. शरद देवराजन, सुरेश सीताराम आणि जीवन कांग यांची नावे या मालिकेवर पहिल्या दिवसापासून होती, हेही नोंदवायला हवे.

काचेतला अंक आणि उघडा अंक

संग्रह या शब्दाला आज बाजारातला अर्थ आला आहे. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरना विकली गेली. ज्या धनादेशात सुपरमॅनचे १३० डॉलर होते तो धनादेशच २०१२ मध्ये १,६०,००० डॉलरना गेला. उत्तम स्थितीतले अंक आता कठीण प्लास्टिकच्या कवचात सीलबंद करून, वर दर्जाचा आकडा लावून ठेवतात. कवच फोडले की किंमत उतरते, म्हणून ते अंक कोणी वाचत नाही. ज्या पानावर तो निनावी ग्रह नष्ट होतो ते पान मालकालाही दिसत नाही.

याच्या शेजारी २००८ ची एक घटना ठेवून पाहावी. एका अनाम दात्याने स्पायडरमॅनच्या पहिल्या अंकाची डिट्कोंनी काढलेली मूळ २४ पाने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. ती बाजारात गेली असती तर त्यांचे काय मोल आले असते याचा अंदाज कोणीही करावा. आता ती अभ्यासकाला पाहता येतात: शाईचा फटकारा, पांढऱ्या रंगाने केलेली दुरुस्ती, समासातली खूण. कोणी काय केले याचा पुरावा प्रस्तावनेपेक्षा अशा समासांत अधिक सापडतो.

उगमकथा पुन्हा सांगाव्यातच. प्रत्येक पिढीला आपला सुपरमॅन हवा असतो, आणि आठ शब्दांचा पाठ जितका खरा तितकाच सात अंकांचाही. फक्त प्रत्येक नव्या कथनाच्या शेजारी आधीची कथने, तारखेसह आणि नावासह, उघडी असली पाहिजेत. बिल फिंगरला त्याचे नाव मिळायला ७६ वर्षे लागली. बॅटमॅनच्या आईबापांच्या खुन्याला ते नऊ वर्षांत मिळाले होते, आणि देणारा फिंगरच होता.